फत्तेपूर सिक्रीची तीन वर्षे

नांदेडहून येणारा रस्ता आमच्या वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट हिंगोलीस जाते, दुसरी यवतमाळकडे वळते. अशा नाक्यावर राहणाऱ्या आम्हांस येत्या-जात्या पांथस्थांचे नवल नाही. हल्ली ख्रिस्तसभेत ठिकठिकाणी दूरदेशीचे बंधुभगिनी चार-सहा आठवड्यांच्या सेवेकरिता येतात, लोकांत मिसळतात आणि निरोप घेतात. इतक्या अल्प मुक्कामाने काय साधते, असा प्रश्न मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. जुबिलीच्या या मंगल प्रसंगी तो प्रश्न आपण इतिहासास विचारू.

अकबर बादशहाने गोव्यास दूत पाठवून धर्मग्रंथांसह दोन विद्वान धर्मगुरू मागविले. त्यावरून येशूसंघाचे तिघे जण १७ नोव्हेंबर १५७९ रोजी गोव्याहून निघाले. प्रमुख फादर रुडोल्फ आक्वाव्हिवा हे इटलीचे, वयाने अवघे एकोणतीस वर्षांचे. फादर आंतोनियो मोन्सेराते कातालोनियाचे. आणि तिसरे फादर फ्रान्सिस एन्रिकेश, मूळचे होर्मूझ बेटावरील, फारसी जाणणारे, म्हणून दुभाषी. दमण व सुरत करून, खानदेशातील सुलतानपुरावरून सातपुडा ओलांडीत ते मांडू व उज्जैन या मार्गाने उत्तरेस गेले. मोन्सेराते आजारी पडून नरवर येथे मागे राहिले. बाकीचे दोघे फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस फत्तेपूर सिक्रीस पोहोचले.

त्यांचा तेथील दिनक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आरंभी त्यांस उतरावयास दिलेली जागा गजबजलेली होती. प्रार्थनेस निवांतपणा मिळेना. तेव्हा बादशहाने त्यांस राजवाड्याच्या आवारात बिऱ्हाड दिले. तेथे एका दालनात प्रार्थनामंदिर थाटून ते मिस्साबली अर्पू लागले. त्यांनी नजर केलेल्या बहुभाषी बायबलाचे खंड अकबराने पागोटे उतरवून आदराने मस्तकी धरिले. रात्री इबादतखान्यात मौलवींशी वाद चालत. मोन्सेराते शाहजादा मुराद यास शिकवीत. धडा आरंभिताना मुलाने देवाचे नाव घेतले, तेव्हा जवळ असलेल्या बादशहाने त्यास येशू ख्रिस्ताचेही नाव जोडावयास सांगितले, असे मोन्सेराते लिहितात.

१५८१ मध्ये अकबर काबूलच्या स्वारीवर निघाला, तेव्हा मोन्सेराते छावणीबरोबर गेले. दर मजलेचे अंतर काठीने मोजीत, छावणीतले बाजार कसे मांडीत, मागे राहिलेल्यास वाट दिसावी म्हणून रात्री उंच खांबावर दिवा कसा लावीत, हे सर्व त्यांनी टिपले. दिवसभराचे श्रम झाल्यावर रोज सायंकाळी लिहावयास बसावयाचे, हा नेम त्यांनी अडीच वर्षे पाळिला. त्या टिपणांवरून सिद्ध झालेला त्यांचा लॅटिन ग्रंथ १९१४ मध्ये कलकत्त्यास छापून निघाला. मोगल काळाच्या अभ्यासकांस तो आजही मोलाचा वाटतो.

आक्वाव्हिवांनी मात्र फारसीचा ध्यास घेतला. परमेश्वराविषयीचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडून किती दिवस बोलावे? काही महिन्यांतच ते दुभाष्यावाचून संभाषण करू लागले. तथापि बादशहाने बाप्तिस्मा घेतला नाही. एन्रिकेश व मोन्सेराते आधीच परतले होते. १५८३ मध्ये आक्वाव्हिवाही निघाले. निघताना त्यांनी सोने घेतले नाही. दास्यात पडलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबाची मुक्तता तेवढी मागून घेतली.

गोव्यास परतल्यावर थोड्याच आठवड्यांत, जुलै १५८३ मध्ये, साष्टीतील कुंकळ्ळी येथे चार सहकाऱ्यांसह त्यांचा वध झाला. पोर्तुगीजांनी तेथील देवळे पाडली होती. त्या संतापास हे बळी पडले, हेही सत्य आपण लपवू नये. १८९३ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांस धन्य म्हणून घोषित केले. त्यांची शवे मिळवून आणण्याच्या कामी पुढे झाले ते फादर थॉमस स्टीफन्स.

हे स्टीफन्स आक्वाव्हिवांच्या प्रयाणापूर्वी जेमतेम तीन आठवडे, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, गोव्यास उतरले होते. ते येथेच राहिले, आपली भाषा शिकले, आणि १६१६ मध्ये मराठी ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्यांनी आम्हांस दिले. एकाचा मुक्काम तीन वर्षांचा, दुसऱ्याचा चाळीस वर्षांचा. फळ निराळे, पण प्रारंभ एकच: यजमानाची भाषा शिकणे.

तेव्हा मुक्कामाचे दिवस मोजून सेवेचे मोल ठरवू नये. पाहुणा येथे येऊन ऐकतो काय, दोन शब्द आपले म्हणून बोलावयास शिकतो काय, आणि जाताना कोणाचे ओझे हलके करून जातो, हे पाहावे. आमची मुले उद्या परमुलखी सेवेस निघतील, त्यांनीही हाच कित्ता गिरवावा. प्रभू जाणाऱ्यास वाट दाखवो आणि राहणाऱ्यास धीर देवो, हीच या जुबिली वर्षी आमची प्रार्थना.