लहान मोटारीच्या ब्रेकची झीज : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मोटारीचा इतिहास लिहिताना इंजिन, वेग व रस्ता यांना जे स्थान मिळते ते वाहन थांबविणाऱ्या यंत्रणेस सहसा मिळत नाही. विदर्भाच्या पूर्व टोकावरील वनव्याप्त जिल्ह्यांचा विचार करताना ही उणीव विशेषत्वाने जाणवते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग वनाच्छादित होता आणि रेल्वे केवळ वडसा-देसाईगंजला स्पर्शून जात होती. साहजिकच दळणवळणाचा भार रस्त्यांवर पडला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० बाजारात आली. या लहान मोटारीने ब्रेकच्या दुरुस्तीचे स्वरूप पालटले. मात्र झीज वेळेवर पाहण्याची व्यवस्था त्या प्रमाणात उभी राहिली नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

त्यापूर्वीच्या मोटारी म्हणजे मुख्यत्वे उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर व मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट. प्रारंभीच्या दशकांत या गाड्यांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. लायनर झिजले की शू बाहेर काढावयाचा, जुन्या लायनरचे रिव्हेट तोडावयाचे, नवे लायनर ठोकून बसवावयाचे, ते ड्रमच्या गोलाईशी जुळेपर्यंत घासावयाचे आणि शेवटी ॲडजस्टर फिरवून अंतर राखावयाचे, असा हा क्रम होता. शू तोच राही, बदले ते फक्त लायनर. हे काम वेळखाऊ होते, परंतु कारागिराच्या आटोक्यातले होते. त्याची एक काळी बाजूही होती. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जाई व ड्रम उघडताच साचलेली भुकटी हवेत उडे. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी महत्त्वपूर्ण निर्णय दिला. तथापि त्यातील निर्देशांचा रोख खाणी व कारखान्यांकडे होता. झाडाखाली ड्रम झटकणारा मिस्त्री कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हता.

डिस्क ब्रेकची कल्पना तशी जुनी. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि १९५३ च्या ल मान्स शर्यतीत जग्वार मोटारींच्या विजयाने तिची उपयुक्तता जगास पटली. भारतीय मध्यमवर्गाच्या अंगणात ती पोहोचली ती प्रामुख्याने मारुतीबरोबर. १९८६ मध्ये आलेल्या नव्या आकाराच्या मारुती ८०० ला पुढे डिस्क व मागे ड्रम अशी रचना होती. ब्रेक लावताच वाहनाचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबविण्याचे बहुतांश काम पुढील चाके करतात. म्हणून पुढील पॅड प्रथम झिजतात. येथे रिव्हेट ठोकावयाचे नसतात. कॅलिपर सोडवून जुने पॅड काढावयाचे, पिस्टन मागे दाबून नवे बसवावयाचे आणि गाडी हलविण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावयाचे, एवढाच हा व्यवहार. दुरुस्तीची जागा बदलीने घेतली.

वरवर पाहता हे सोपे झाले. परंतु उघड्या डिस्कला या प्रदेशाची माती थेट भिडते. घुग्गुस, राजुरा, बल्लारपूर या पट्ट्यात कोळशाची धूळ आहे. २०२१ पासून सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक वाढल्यावर एटापल्ली-आलापल्लीकडील रस्त्यांवर लाल धुळीची भर पडली. पॅड व डिस्क यांच्यामध्ये सापडलेला कण डिस्कवर चर पाडतो. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याचे प्रसंग वारंवार घडले आहेत. अशा पाण्या-चिखलातून गेलेल्या किंवा दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्या गाडीची डिस्क गंजते. त्याहून फसवा दोष कॅलिपरच्या सरकत्या पिनांचा. त्या चिखलाने व गंजाने अडकल्या की आतील पॅड धातूपर्यंत झिजतो आणि बाहेरील जाडच राहतो. चाकाच्या फटीतून डोकावणाऱ्यास बाहेरचाच पॅड दिसतो.

चरे पडलेल्या डिस्कचे काय करावयाचे, हा खरा खर्चाचा प्रश्न. औद्योगिक चंद्रपुरात लेथची कामे करून देणारी दुकाने असल्याने डिस्क घासून सपाट करून घेण्याचा पर्याय उपलब्ध असतो. तो गैर नाही, पण त्यास मर्यादा आहे. डिस्कची किमान जाडी ठरलेली असते व पुष्कळदा ती डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क उष्णता पुरेशी सामावून घेऊ शकत नाही, तडकू शकते, आणि पिस्टन नको तितका बाहेर येतो. ब्रेक ऑइलही हवेतील ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनांक किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. पातळ डिस्क व जुने तेल एकत्र आल्यास चंद्रपूर-मूल मार्गावर रात्री चितळांचा कळप आडवा येताच पेडल पायाखाली खोल जाण्याचा संभव असतो.

कायदा या बाबतीत काय पाहतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार असुरक्षित स्थितीतील वाहन चालविणे हा दंडनीय अपराध आहे. प्रत्यक्ष नियतकालिक तपासणी मात्र प्रवासी व मालवाहू वाहनांपुरती ठेवली गेली. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी नव्या परिवहन वाहनास आधी दोन वर्षांचे व पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र आवश्यक केले. २०१८ मध्ये ही मुदत काहीशी शिथिल झाली. म्हणजे काळी-पिवळी जीप ठराविक काळाने निरीक्षकासमोर उभी राहते, तर त्याच रस्त्यावर धावणाऱ्या खासगी मोटारीची नोंदणी एकदम १५ वर्षे वैध असते. एमएच-३३ वा एमएच-३४ क्रमांकाच्या अशा मोटारीचे ब्रेक शासनाच्या दृष्टीस पुनर्नोंदणीच्या वेळीच सक्तीने पडतात. तोवर तिचे पॅड अनेकदा बदललेले असतात आणि बहुधा मालकही.