श्वासाला टेकू

प्राणवायूचा सिलिंडर म्हणजे काय, हे मालाडकरांना समजावून सांगण्याची आता गरज उरलेली नाही. २०२१ सालच्या चैत्र-वैशाखात, ज्या दिवसांत एरवी गावोगावी वसंत व्याख्यानांचे मंडप उभे राहतात, त्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांनी त्या सिलिंडरसाठी पायपीट केली. तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा आणि त्यातून जोराने येणारी हवा यांच्या आधारावर कोणाचा बाप, तर कोणाची बहीण तगून राहिली. काहींची राहिली नाही. हा मुखवटा आला कोठून, तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, याचा इतिहास म्हणूनच आम्ही आज मांडीत आहोत.

प्रथम शंभर वर्षे मागे जाऊ. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरील पहाऱ्याचे काही शिपाई तापाने आजारी पडले आणि इन्फ्लुएंझाची साथ शहरात शिरली. पावसाळा सरता सरता ती दुसऱ्यांदा उसळली. ६ ऑक्टोबर रोजी एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे दगावली. त्या साथीत तापापाठोपाठ येणारा न्यूमोनियाच बहुतेकांचा काळ ठरला. पेनिसिलीन अजून सापडावयाचे होते. महायुद्धात विषारी वायूने गुदमरलेल्या सैनिकांना मुखवट्यातून प्राणवायू देण्याची रीत हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१७ मध्येच प्रसिद्ध केली होती. पण चाळीतल्या रोग्यापर्यंत ती पोचणार कशी?

न्यूमोनियात होते काय, हेही येथे पाहिले पाहिजे. आपल्या फुप्फुसात अतिसूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्यात दाहामुळे द्रव भरतो, काही मिटूनच जातात, आणि आत घेतलेली हवा रक्तापर्यंत पोचत नाही. नुसता प्राणवायू दिला तर उघड्या कोशांना त्याचा लाभ होतो. मिटलेल्यांना होत नाही. फुगा फुगविताना पहिली फुंकर सर्वांत जड जाते, एकदा तो थोडा फुगला की पुढचे काम सोपे होते. त्याचप्रमाणे श्वास सोडतानाही आत थोडा दाब टिकवून धरला, तर कोश मिटत नाहीत आणि दमलेल्या छातीचे कष्ट हलके होतात. मुखवट्याचे सारे मर्म या दाबात आहे.

पण वैद्यकाने हा सरळ मार्ग आधी धरला नाही. १९२८ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे ड्रिंकर आणि शॉ यांनी लोखंडी पेटीसारखे यंत्र बनविले. रोग्याचे डोके तेवढे बाहेर, बाकी देह पेटीत. पेटीतील हवा ओढून घेतली की छाती फुगे. पोलिओने श्वास थांबत चाललेल्या आठ वर्षांच्या मुलीला त्यात ठेवताच ती सावरली. परंतु थोड्याच दिवसांत ती गेली, आणि तिला नेणाऱ्या दुखण्यांत न्यूमोनिया होता. पेटी छाती हलवू शके. फुप्फुसातला द्रव तिला आवरत नसे.

पुढचा टप्पा १९५२ चा, कोपनहेगनचा. तेथील पोलिओच्या साथीत श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ मरण पावले. तेव्हा इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत घातली. पुढे सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबल्या आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. आजच्या अतिदक्षता विभागाचा पाया त्या हातांनी घातला.

नळीने असंख्य जीव वाचविले आहेत, अजूनही वाचतात. पण तिची किंमतही मोठी आहे. घशातून नळी घातलेल्या रोग्याला बोलता येत नाही, गिळता येत नाही, बहुधा गुंगीत ठेवावे लागते. आणि त्याच नळीवाटे जंतू उतरून नवा न्यूमोनिया होण्याचे भय असते. म्हणून नळीवाचून दाब देता येईल काय, हा प्रश्न वारंवार उठत राहिला. लंडनच्या गाइज रुग्णालयातील पोल्टन यांनी १९३६ मध्ये हृदयविकाराने धाप लागलेल्या रोग्यांवर असा प्रयोग केला होता, तोही घर झाडण्याच्या व्हॅक्यूम क्लीनरची हवा मुखवट्यात सोडून! १९७१ मध्ये ग्रेगरी यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे नवजात अर्भकांना सतत दाब देऊन वाचविले, आणि १९८१ मध्ये सिडनीच्या सलिव्हन यांनी झोपेत श्वास अडणाऱ्यांसाठी नाकावरचा मुखवटा पुढे आणला. त्यानंतर मुखवट्याला रुग्णालयात कायमची जागा मिळाली.

न्यूमोनियात मात्र मुखवट्याचे यश सर्वत्र सारखे नाही, आणि याची सर्वांत बोलकी साक्ष दोन गरीब देशांनी दिली आहे. ढाक्याच्या रुग्णालयात डॉ. चिश्ती यांनी पाण्याच्या बाटलीत नळी बुडवून, बुडबुड्यांच्या जोरावर दाब देणारे स्वस्त साधन वापरले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, साधा प्राणवायू दिलेल्या मुलांत शंभरी १५ मृत्यू, तर बुडबुड्यांच्या साधनावर शंभरी ४. आफ्रिकेतील मलावी येथे एका जिल्हा रुग्णालयात, जेथे डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती, तेथे मात्र उलटे घडले. २०१९ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत साध्या प्राणवायूवर शंभरी ११ मुले दगावली, बुडबुड्यांच्या दाबावर १७. तत्त्व तेच, दुखणेही तेच. दोन्हींतील रोगी अगदी एकसारखे नव्हते हे खरे; तरी खाटेजवळ जाणता माणूस असणे आणि नसणे हा फरक नजरेआड करता येत नाही.

आता मुंबईकडे येऊ. कोविडचा न्यूमोनिया आला तेव्हा दाबाचे मुखवटे आणि नाकावाटे वेगाने प्राणवायू देणाऱ्या नळ्या घरोघरी चर्चेचा विषय झाल्या. पण वेगाचा हिशेब कडक असतो. मोठ्या सिलिंडरात सुमारे ७,००० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला ५ लिटर लागणाऱ्या रोग्याला तो जवळजवळ दिवसभर पुरतो. वेगवान नळीवर मिनिटाला ६० लिटर शुद्ध प्राणवायू सोडला, तर दोन तासांच्या आत संपतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये हे गणित जिवावर आले. १७ एप्रिल रोजी महापालिकेला प्राणवायूच्या टंचाईमुळे सहा रुग्णालयांतील १६८ रोगी अन्यत्र हलवावे लागले. चारच दिवसांनी नाशिक येथे टाकीच्या गळतीने पुरवठा तुटला आणि २२ रोगी गेले.

त्याच काळात मालवणीतील एका तरुणाने स्वतःची मोटार विकून सिलिंडर घेतले आणि ते गरजूंना फुकट पुरविले. गोरेगावात नेस्कोच्या मैदानात आणि पुढे मालाडलाही प्रचंड करोना केंद्रे उभी राहिली. ब्रिटनमध्ये १,२७३ रोग्यांवर झालेल्या तुलनेत दाबाच्या मुखवट्यामुळे नळी किंवा मृत्यू यांचे प्रमाण शंभरी ४४ वरून ३६ वर आले. वेगवान नळीने तसा लाभ दिसला नाही. म्हणजे ज्या साधनाला प्राणवायू सर्वांत अधिक लागे, त्याचाच गुण सिद्ध होऊ शकला नाही.

या साऱ्यातून काय घ्यावयाचे? मुखवटा हा टेकू आहे. टेकू लावल्याने घराला डागडुजीपुरता वेळ मिळतो. भिंत खचतच असेल तर टेकूवर विसंबणारा फसतो. मुखवट्यावर रोग्याला बरे वाटते, तो बोलतो, चहा मागतो. आणि या समाधानात श्वासाची गती वाढत चाललेली कोणाच्या ध्यानात आली नाही, तर नळी घालण्याची योग्य वेळ टळते. म्हणून पहिल्या काही तासांत कोणी तरी खाटेपाशी बसून श्वास मोजला पाहिजे.

पुढच्या साथीसाठी आपण यंत्रे मागू, टाक्या मागू, आणि त्या मागितल्याच पाहिजेत. पण त्याच अर्जात, रात्री तीन वाजता खाटेजवळ जागी असणारी शिकलेली परिचारिकाही आपण मागितली पाहिजे. कोपनहेगनमध्ये पिशवी दाबणाऱ्या हातांनी जे शिकविले, तेच मलावीच्या मुलांनी प्राण देऊन पुन्हा सांगितले आहे.