उलटा लिलाव : सौरवीज १८ रुपयांवरून अडीच रुपयांवर कशी आली?

मंडळी, कांद्याचा लिलाव आपण सगळ्यांनी बघितलाय. माल शेतकऱ्याचा, व्यापारी अनेक, बोली चढत जाते. सरकार सौरवीज घेतं तेव्हा बरोबर उलटं होतं. घेणारा एक, विकणारे अनेक आणि बोली उतरत जाते. २५ वर्षं सगळ्यात स्वस्त वीज द्यायला जो तयार, त्याला काम. आता सबस्टेशनजवळच्या जमिनींवर जे सौर प्रकल्प येतायत, त्यांचे दरही बोलीतूनच ठरलेत. म्हणून हा इतिहास माहीत असावा.

बोली नसली की काय होतं, हे महाराष्ट्रानं दाभोळला बघितलं. १९९३ साली एन्रॉनच्या कंपनीशी करार झाला तो स्पर्धात्मक निविदा न काढता, वाटाघाटी करून. ती वीज मंडळाला झेपली नाही आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. पुढं २००३ च्या वीज कायद्यात कलम ६३ आलं. पारदर्शक बोलीतून निघालेला दर आयोगानं मान्य करायचा, असं ते सांगतं.

सौरऊर्जेत हे २०१० ला सुरू झालं. केंद्राचं राष्ट्रीय सौर मिशन आलं तेव्हा केंद्रीय आयोगाचा दर होता युनिटला १७ रुपये ९१ पैसे. अर्जांचा पाऊस पडला. मग सरकारनं विचारलं, या दरावर सूट किती देता? सगळ्यात कमी बोली आली १०.९५ रुपये. पुढच्या वर्षी ७.४९. तरी ती महागच होती, म्हणून कोळशाच्या स्वस्त विजेत मिसळून राज्यांना दिली गेली.

गुजरातनं त्याच काळात दुसरा रस्ता धरला. लिलाव नाही, ठरलेला दर : पहिली १२ वर्षं १५ रुपये, पुढची १३ वर्षं ५ रुपये. प्रकल्प झपाट्यानं उभे राहिले. पण पॅनेल स्वस्त झाले आणि दर तिथंच अडकला. सरकारी कंपनी दर कमी करून मागायला गेली, आयोगानं नकार दिला.

खरा धमाका २०१७ चा. फेब्रुवारीत मध्य प्रदेशात रीवाच्या ७५० मेगावॉटसाठी पहिल्या वर्षाचा दर २.९७ रुपये निघाला. मे महिन्यात राजस्थानातल्या भाडला इथं २.४४. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत १.९९! यात जादू काही नाही. जगभर पॅनेल स्वस्त झाले होते. शिवाय रीवात जमीन तयार, लाइन तयार आणि पैसे बुडाले तर राज्य सरकारची हमी. कंपनीची जोखीम सरकारनं उचलली, म्हणून बोली उतरली.

पण स्वस्त बोली म्हणजे उभा राहिलेला प्रकल्प नव्हे. ब्रिटननं १९९० च्या दशकात असेच लिलाव केले. करार झाले, पण कितीतरी प्रकल्प कागदावरच राहिले, कारण न बांधणाऱ्याला दंडच नव्हता. आपल्याकडं पवनऊर्जेचं बघा. सातारा, सांगली, धुळ्याच्या पवनचक्क्या ठरलेल्या दराच्या काळातल्या. २०१७ मध्ये पवनऊर्जेचेही लिलाव सुरू झाले. पहिल्यात दर ३.४६, वर्षअखेरीस २.४३. २०१६-१७ मध्ये देशात साडेपाच हजार मेगावॉटच्या आसपास पवनचक्क्या लागल्या होत्या. पुढच्याच वर्षी आकडा दोन हजारांच्या आत आला.

तिसरा धोका घेणाऱ्याच्या बाजूनं. नवे दर उतरले की सरकारला जुने करार खुपायला लागतात. आंध्रात २०१९ ला नव्या सरकारनं सौर आणि पवनऊर्जेचे जुने करार कमी दरावर आणायला समिती नेमली. प्रकरण कोर्टात गेलं. २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं, करारातल्या दरानंच पैसे द्या. मधली वर्षं मात्र वादात गेली.

आता आपल्या दारात आलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० बघा. २०२३ ची ही योजना शेतीपंपाला दिवसा वीज देण्यासाठी आहे. दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास. जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं. कागद चांगला आहे.

म्हणून पुढाऱ्यानं भाषणात नुसता दर सांगितला की टाळ्या वाजवू नका. लिलाव दर शोधतो, बाकीचं आपल्यालाच विचारावं लागतं. ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. प्रकल्प सुरू व्हायची करारातली तारीख कोणती? ती चुकली तर कंपनीला दंड किती? आणि जमिनीचा भाडेकरार नेमका कुणाशी, भाडं थकलं तर जबाबदार कोण?

उत्तरं लेखी घ्या. तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, कमेंटमध्ये सांगा.