मत माणसाचे की वर्गाचे?

मी मराठी आणि उर्दू, दोन्ही शिकवतो. जुन्या फ्रान्समधल्या 'इस्टेट'ला मराठीत आपण 'वर्ग' म्हणतो, उर्दूत 'तबका'. दोन्ही शब्द ऐकले की डोळ्यांपुढे येते वर श्रीमंत आणि खाली गरीब. पण फ्रान्समधले हे तीन वर्ग पैशाने ठरत नव्हते, ते कायद्याने ठरत होते. ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर १७८९ ची राज्यक्रांती नीट कळत नाही.

पहिल्या वर्गात धर्मगुरू, दुसऱ्यात सरदार-उमराव आणि तिसऱ्यात उरलेली सगळी प्रजा. देशाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ८० लाख. पहिले दोन वर्ग मिळून शंभरात दोनही भरत नव्हते. बोर्दो बंदरातला जहाजांचा मालक तिसऱ्या वर्गात, वकील तिसऱ्या वर्गात आणि दुसऱ्याच्या शेतात राबणारा मजूरही तिथेच. व्यापारी कितीही श्रीमंत असो, त्याच्या मुलाला सैन्यात थेट अधिकारी व्हायचे तर अडचण होती. १७८१ च्या हुकुमानुसार त्यासाठी चार पिढ्यांची सरदारकी सिद्ध करावी लागे.

करांचे ओझे मात्र तळाला. 'ताय' हा मुख्य कर शेतकऱ्याच्या माथी, धर्मगुरू आणि सरदार त्यातून मोकळे. पिकातला वाटा चर्चला द्यायचा, सरदाराचे देणे वेगळे. कित्येक गावांत दळणही सरदाराच्याच गिरणीतून, मोबदला देऊन आणायचे. उत्तरेकडच्या मोठ्या भागात तर आठ वर्षांवरील प्रत्येक माणसामागे वर्षाला सुमारे ७ किलो मीठ सरकारी भावाने घेण्याची सक्ती होती.

पण भेग वरच्या थरातही होती. जवळजवळ सगळे बिशप सरदार घराण्यांतले. खेड्यातला पाद्री मात्र जेमतेम पगारावर जगणारा, शेतकऱ्यांच्या सुखदुःखात असलेला. कायद्याने दोघे एकाच वर्गातले.

५ मे १७८९ रोजी व्हर्सायला तिन्ही वर्गांची सभा भरली. तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी जवळजवळ बाकी दोघांच्या बेरजेइतके होते. पण जुनी रीत अशी, की प्रत्येक वर्गाला एकच मत. म्हणजे निकाल आधीच ठरलेला, दोन विरुद्ध एक. तिसऱ्या वर्गाची मागणी होती, मत माणशी मोजा.

सहा आठवडे भांडण चालले. १३ जूनला प्वातू प्रांतातले तीन साधे पाद्री उठून तिसऱ्या वर्गात जाऊन बसले. मागोमाग आणखी आले. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केले. २७ जूनला राजाला उरलेल्यांनाही तिथे जायला सांगावे लागले. ४ ऑगस्टच्या रात्री सरदारांचे विशेषाधिकार रद्द झाल्याची घोषणा झाली.

इथेच पुस्तक मिटू नये. सरदारांची बरीच देणी शेतकऱ्यांनी मोबदला भरून सोडवून घ्यायची होती. ती विनामोबदला पूर्ण रद्द व्हायला १७९३ उजाडले. १७९१ च्या राज्यघटनेने मताचा हक्क दिला तो तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या पुरुषांना. स्त्रिया बाहेर, घरगडी बाहेर, गरीब मजूर बाहेर. जन्माची भिंत पडली, त्याच जागी पैशाची भिंत उभी राहिली. 'वर्ग' शब्दाला आज आपण जो अर्थ देतो, तो फ्रान्समध्ये आता लागू पडू लागला.