भूकंप पुनर्वसन कार्यक्रम, महाराष्ट्र (१९९४–९८)

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र सरत असतानाच पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातही घरांना तडे गेले.

घात केला तो घरांनीच. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि उन्हाळ्यात गारवा देणारे, मातीच्या थरांनी जड झालेले माळवद. धक्क्यासरशी भिंतीचे आतले-बाहेरचे थर सुटले आणि माळवद झोपलेल्यांवर कोसळले.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याने हाती घेतलेला कार्यक्रम सोलापूरसह १३ जिल्ह्यांत राबवला गेला. त्यात ५२ गावे नव्या जागी वसवली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. म्हणजे भूमिहीनाच्या वाट्याला सर्वांत लहान घर आले, ही योजनेची सलणारी बाजू. आखीव रस्त्यांच्या वसाहतींत जुने वाडे आणि गल्ल्यांतला शेजार विस्कटला.

स्थलांतर न झालेल्या गावांत मालकांनी अनुदानातून स्वतःच दुरुस्ती केली. गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून भिंतीत आरपार जोडदगड का हवेत, हे घरोघर समजावत होत्या.