काणी जमातीचे वनौषधिज्ञान

काणी (काणिक्कार) ही केरळ व तमिळनाडू यांच्या सीमेवरील अगस्त्यमलै पर्वतराजीत राहणारी आदिवासी जमात होय. पूर्वी ही जमात भटकी असून फिरती शेती आणि मध व इतर वनोपज यांवर तिचा निर्वाह चाले. रोगोपचाराचे ज्ञान परंपरेने ‘प्लाती’ या वैद्य-मांत्रिकांकडे असून ते मौखिक रीत्या जतन केले गेले.

या ज्ञानाकडे जगाचे लक्ष वेधले ते आरोग्यपच्चा (शा. नाव ट्रायकोपस झेलॅनिकस, उपजाती ट्रावन्कोरिकस) या दाट सावलीत वाढणाऱ्या लहान ओषधीमुळे. डिसेंबर १९८७ मध्ये पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली वनस्पतिशास्त्रज्ञांचे एक पथक या डोंगरांत पाहणी करीत होते. चढणीने पथक थकले, तरी काणी वाटाडे एक रानफळ खाऊन ताजेतवाने राहत. ही माहिती परक्यांना देऊ नये, असा संकेत असल्याने त्यांनी प्रथम नकार दिला. गैरवापर होणार नाही, असे आश्वासन मिळाल्यावर त्यांनी वनस्पती दाखविली.

पुढे तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पालोड येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्या पानांत अश्वगंधा, पिंपळी व विष्णुक्रांता यांची जोड देऊन ‘जीवनी’ हे शक्तिवर्धक औषध तयार केले. १९९५ मध्ये त्याच्या निर्मितीचा परवाना कोईमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीस ७ वर्षांसाठी देण्यात आला. परवाना शुल्क १० लाख रुपये व विक्रीवरील स्वामित्वशुल्क २ टक्के ठरले आणि दोहोंचा निम्मा वाटा काणींना देण्याचे संस्थेने मान्य केले. त्यासाठी १९९७ मध्ये जमातीचा न्यास स्थापन झाला व १९९९ मध्ये त्यास ५ लाखांहून थोडी अधिक रक्कम मिळाली. लाभवाटपाचे तत्त्व १९९२ च्या जैवविविधता करारात आले होते. भारतात त्यासंबंधीचा कायदा २००२ मध्ये झाला. त्याआधीच हा व्यवहार घडल्याने तो जगभर उदाहरण म्हणून सांगितला जाऊ लागला.

व्यवहाराच्या मर्यादाही लवकरच दिसून आल्या. काही प्लातींनी १९९५ मध्येच आपले ज्ञान खाजगी कंपनीस विकण्यास आक्षेप घेतला. विखुरलेल्या वस्त्यांतील अनेक काणींना विचारण्यातच आले नव्हते. मागणी वाढताच बाहेरच्या लोकांनी रानातील रोपे उपटून नेली; परिणामी वनखात्याने पाने गोळा करण्यावर निर्बंध घातले आणि काणींचे त्यापासूनचे उत्पन्न घटले. ज्ञान सांगणारे वाटाडे, ते जतन करणारे प्लाती आणि सर्व जमात यांपैकी त्याचा स्वामी कोण, हा प्रश्न करारामुळे सुटला नाही. लिखित करार मौखिक परंपरेस लागू करताना येणारी ही मूलभूत अडचण होय.