विचारणाऱ्याला उत्तर

महर्षी कर्व्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघर आदराने घेतले जाते. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचे नाव मात्र चारचौघांत घेताना पुष्कळ दिवस आवाज खाली येत असे. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे गणिताचे प्राध्यापक. आई बाळंतपणात गेली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पुढे १९२१ साली पत्नी मालतीबाईंच्या साथीने त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले व मरेपर्यंत, पदरमोड करून, चालविले.

त्या मासिकाचे मोल वाचकांच्या पत्रांत आहे. कुणाला हस्तमैथुनाने आपण खंगू अशी धास्ती, कुणाला गुप्तरोगाची. घरी विचारावे तर थप्पड, वैद्याकडे जावे तर भीतीचाच व्यापार! कर्वे सरळ शास्त्रीय उत्तर देत. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले. त्यांची सगळीच मते सर्वांना पटण्याजोगी नव्हती. पण विचारणाऱ्याला त्यांनी कधी लाजविले नाही.

आणि खटला भरला गेला तो या उत्तरांवरच! १९३४ साली कर्व्यांचे वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. प्रश्न विकृत वाटले तरी विकृती ज्ञानानेच जाते, मग उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला.

काळाने मात्र निकाल फिरविला. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतले. १९६८ पासून 'निरोध' पंधरा पैशांना तीन असा वाण्याच्या दुकानीही मिळू लागला. १९८६ साली एड्सचा विषाणू भारतात आढळला, तेव्हा गर्भधारणेबरोबर रोगही टाळणारे हेच साधन कामी आले. तरीही २००७ साली महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणाला मज्जावच झाला.

वाचकहो, प्रश्न काही मज्जावाने थांबत नाहीत. शाळेत मी पाहतो, प्रजननाचा धडा आला की मुले माना खाली घालतात. उत्तर मग मोबाईलवर शोधतात, आणि तिथे शिकविणाऱ्याला ना लाज, ना जबाबदारी. या दिवाळीत घरातल्या पोराने वा पोरीने अडखळत काही विचारलेच, तर रागावू नका. त्यांनी तुम्हांला विचारले, हाच त्यांचा विश्वास.